ठिगळ

"म्हणजे मी टीप कुठंही टाकलेली असो, हा शोधून काढणार?" खुर्शीद वकिलांनी विचारलं.

"कुठंही. वरच्या ड्राइव्हमध्ये असो की खालच्या," महिपत म्हणाला. "अशिलाचं नाव टाइप करा. त्या नावाच्या सगळ्या टिपा तारीख-वेळेप्रमाणे कागदावर येतील."

"मग आमचं कसं व्हायचं? अर्धी वकिली विसरण्यावर तर चालते!"

महिपत हसला. त्याची बायको विमलाही हसली, जरा उशिराने.

दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला ओल. महिपतचा क्लास एवढाच. टिपा ठेवायचा प्रोग्रॅम त्याने मुंबईहून आणला होता. पण त्याला शोधता येत नसे, क्रम लावता येत नसे. ते महिपत स्वतः लिहून त्याला जोडत असे. अशा जोडकामाला तो ठिगळ म्हणायचा. कापड परक्याचं, ठिगळ आपलं. आतापर्यंत ते फक्त खालच्या ड्राइव्हमधली फ्लॉपी चाळायचं. वकिलांच्या टिपा एका फ्लॉपीत मावेनात, म्हणून कालच त्याने ते दोन्हींकडे फिरेल असं केलं होतं.

विमला दुसऱ्या कॉम्प्युटरपुढे बसून होती. तिची फ्लॉपी पर्समध्ये होती. त्यात शिवाच्या टिपा होत्या. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी.

शिवा त्यांचा मुलगा, पाच महिन्यांचा. गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या डॉक्टरांचं पत्र आलं. सोमवारी शिवाला दाखवून आणू, असं महिपत म्हणाला. "तोवर वेळा लिहून ठेव. काय झालं, किती वाजता. डॉक्टरांना बरं पडतं."

तिने लिहिलं. आधीचंही आठवेल तसं उतरवून काढलं. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की शिवाला काही झालेलं नाही. झालंय ते सासूबाईंना.

त्या आताशा पोराला तिच्याजवळ राहूच देत नसत. दूध पाजून होतं न होतं तोच हात पुढे. "दे गो हिकडं. तू पड जरा."

"मी घेते ना, आई."

"पड म्हटलं ना. डोळे बघ कसे झालेत."

दहा तारखेला त्यांनी परसातल्या विहिरीला बांबूचं फाटक बसवून घेतलं आणि कुलूप घातलं. शेजाऱ्यांची गुरं येतात म्हणे. किल्ली त्यांच्या कनवटीला. विळीसुद्धा फळीवर चढली. त्याच दिवसापासून महिपत विमलाला दुपारी क्लासला आणू लागला. "घरात बसून काय करणार? चल, चार लोक दिसतील."

ती यायची. शिवा सासूबाईंपाशी राहायचा.

आपल्याला राग यायला हवा, असं तिला कळत होतं. येत नव्हता. शिवा रडला की तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटे. मग ती घड्याळात बघून वेळ लिहून ठेवी. तेवढं एक तिला नीट जमत होतं.

खाटेखाली तिने पिशवी भरून ठेवली होती. चार झबली, दुपटं, ग्राइप वॉटर. उद्या सकाळची चिपळूणची एसटी. शिवाला घेऊन सरळ माहेरी. पण आईच्या विरोधात नुसतं बोललेलं महिपत ऐकणार नाही. त्याला कागद दाखवायला हवा. कागदाला तो नाही म्हणत नसे.

"चला, वहिनी. येतो," वकील उठले. "हे माझ्या बायकोला सांगू नका हां. माझ्या नावाच्या टिपा काढून मागेल!"

"सांगत नाही," विमला म्हणाली.

महिपत त्यांना सोडायला खाली गेला. रस्त्यावर वकिलांची स्कूटर सुरू होईना. दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

विमला उठून त्याच्या कॉम्प्युटरपाशी गेली. वरच्या ड्राइव्हमध्ये त्याची प्रोग्रॅमची फ्लॉपी होतीच. खालच्या ड्राइव्हमधली वकिलांची काढून तिने आपली घातली. पडद्यावर प्रश्न आला: कोणतं नाव? तिने टाइप केलं, शिवा.

वरच्या ड्राइव्हचा दिवा लागला, विझला. मग खालच्याचा. प्रिंटर करकरला.

२ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन. शिवाचं झबलं ओलं चिंब. सासूबाई म्हणाल्या, घागर सांडली. मी झोपले होते.

५ नोव्हेंबर, सकाळी अकरा. शिवाच्या टाळूला माती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी झोपले होते.

९ नोव्हेंबर, दुपारी चार. शिवाच्या दंडावर बोटांचे वळ. सासूबाई त्याला घेऊन परसात उभ्या. विचारलं तर रडायला लागल्या. मी झोपले होते.

एवढंच होतं. पुरेसं होतं. खाली स्कूटर सुरू झाली आणि जिन्यावर महिपतच्या चपला वाजल्या. विमलाने कागद फाडायला हात पुढे केला.

प्रिंटर थांबला नव्हता.

९ नोव्हेंबर, रात्री आठ. डॉक्टरांसाठी. आज दुपारी विमला शिवाला घेऊन विहिरीच्या कठड्यावर चढली होती. आईने त्याला दंडाला धरून ओढून घेतलं. विमलाला विचारलं. म्हणाली, मी झोपले होते.