आशयची बारी

"दो प्लेयर लिख लो," वासुदेवराव म्हणाले, आणि कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला.

चला, माणूस बोलला तर! आशय गेल्यापासून घरातल्या भिंती बोलतील, पण हे नाहीत. एकुलता एक मुलगा भनपुरीजवळ भरदिवसा ट्रकखाली गेला. आईनं रडून रडून डोळे सुजवले, बापानं तोंडातून ब्र काढला नाही. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की आडवे व्हायचे. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचं आपलं एकच, 'त्यांना जरा बाहेर काढा हो, मन रमेल.' सांगणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

तरी आज कुमुदताईंनी त्यांना उठवलंच. नव्या रायपुरात एका हॉलमध्ये म्हणे पडद्यावर गोल्फ खेळता येतं. काठी खरी, चेंडूही खरा. तो समोरच्या पडद्यावर जाऊन आपटतो, आणि पडद्यातल्या मैदानावर उडत गेलेला दिसतो. हा खेळ आशयनंच बापाला लावला होता. दिवाळीत स्पेनला जायचं, तिथं समुद्रकाठच्या मैदानावर खेळायचं, असं बापलेकांचं ठरलं होतं. रोज जेवण झालं की फोनमध्ये त्या मैदानाचे फोटो बघत बसायचे दोघं. "समुद्रावर जाऊन गवतात फिरणार म्हणे! खेळा तुम्ही, मी आपली पाण्यात पाय सोडून बसते," असं कुमुदताई तेव्हा चिडवायच्या.

काउंटरवरच्या पायलनं नावं विचारली. वासुदेवरावांनी पुढं वाकून हळूच सांगितली.

"अगं बाई, माझं नाव काहून लिहवून राहिले हो?" कुमुदताई चक्क हसल्या. "मला काय येते त्यातलं!"

ते काठी निवडायला वळले. वळू देत. दुसरं नाव आपलं घातलं, एवढ्यानंच त्या सुखावल्या होत्या.

दिवे मंद झाले आणि पडदाभर तो किनारा उजळला. दुतर्फा उंच झाडं, बारीक कातरलेलं गवत, आणि झाडांच्या फटीतून निळा समुद्र. तेच मैदान, फोटोतलं. वासुदेवराव काठी घेऊन चटईवर उभे राहिले, पाय सरकवून नीट केले आणि फटकारली. चेंडू धप्पकन पडद्यावर आपटला आणि झाडांवरून लांब जाऊन मैदानाच्या मधोमध पडला.

"वा! अजून येते की हो!" कुमुदताईंनी टाळ्या पिटल्या. आज चेंडू मारला, उद्या आपणहून चहा मागतील, परवा चहात साखर कमी म्हणून भांडतील. भांडू देत बापडे. त्या भांडणासाठी कुमुदताईंचे कान आसुसले होते.

तेवढ्यात पडदा परत सुरुवातीच्या जागी आला. तिथं दुसऱ्या खेळाडूचं नाव लुकलुकायला लागलं.

आशय.



"आशय भैया बाहर हैं क्या?" पायलनं विचारलं. "बुला लीजिए ना, उनकी बारी है."

 पायलनं दाराकडं पाहिलं. "नहीं आए? तो मैं स्किप कर देती हूँ."

"नको," वासुदेवराव म्हणाले. मग तिला कळावं म्हणून, "रुको." काठी मांडीवर आडवी घेऊन ते सोफ्यावर बसले.

"अहो, काय करून राहिले तुम्ही हे? उठा. तुमचा चेंडू तिकडं पडला आहे, मारा चला पुढं."

"माझी बारी नाही. ज्याचा चेंडू भोकापासून लांब, त्याची बारी आधी. त्यानंच शिकवलं मला." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "आणि तो लांब आहे, कुमुद."

असा संताप आला कुमुदताईंना! ह्या माणसाचा, त्या मेल्या पडद्याचा, पोर उचलून नेणाऱ्या देवाचा. मन रमेल म्हणणाऱ्या सगळ्यांचा. त्यांनी पदर खोचला, नवऱ्याच्या मांडीवरची काठी ओढून घेतली आणि चटईवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथं नवा चेंडू आपोआप वर आला होता.

"घ्या! मीच मारते त्याचा चेंडू. मग तर उठाल ना?"

त्यांनी दोन्ही हातांनी काठी उगारली. धुणं बडवायला उगारावी तशी.

वासुदेवराव धडपडत उठले. त्यांनी मागून येऊन बायकोचं मनगट धरलं. पोरगं गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कुमुदताईंना हात लावला होता.

"मारू नको, कुमुद. तू मारलंस की त्याची बारी संपेल गं."

काठी तशीच वर राहिली. मग हळूहळू खाली आली. चेंडू होता तिथंच होता. दोघं सोफ्यावर जाऊन बसले आणि पडद्यावरच्या नावाकडं बघत राहिले. तिकडं स्पेनात ऊन जराही ढळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं पायल जवळ आली. "आंटी, टाइम हो गया. बंद कर दूँ?"

कुमुदताईंनी पर्स उघडली. "एक घंटा और."

पायलनं सोफ्यावरच्या दोघांकडं पाहिलं. काठी चटईवर पडली होती.

"पर खेलेगा कौन, आंटी?"

"नाम लिखा तो है," कुमुदताई म्हणाल्या.