हात उठला नाही

सलोनीच्या डाव्या बरगडीवर सूज होती. वाटीच्या तळाएवढी, कडेला जांभळी, मधोमध काळसर. त्या काळसर भागात बारीक तिरप्या रेघा उमटल्या होत्या, सारख्या अंतरावर, रबरी चपलेच्या तळाला असतात तशा. श्वास आत घेतला की रेघा एकमेकींपासून किंचित लांब जात. म्हणून ती श्वास अर्धाच घेत होती.

तिने पोलक्याची कड खाली ओढली. नामदेव तांडेल तोवर दोरीवरच्या बोंबलांकडे बघत उभे होते. जबड्यात जबडा अडकवून बायकांनी ते सकाळीच वाळत घातले होते.

"बगितलं," नामदेव म्हणाले. ते जमातीचे प्रमुख होते.

सलोनीचा नवरा केतन देवळाच्या पायरीशी उभा होता. दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत गुंतवलेली.

"काका, माजा हात उठला का? देवीसमोर विचारा तिला."

"सांग गो बाय," सासू येसूबाई म्हणाली. "उठला का हात?"

"नाय," सलोनी म्हणाली.

"मग? शपत पाळली पोराने."

दातिवऱ्याच्या पलीकडच्या त्या वाडीत ही जुनी रीत होती. बायकोवर उठलेला हात देवीच्या पायरीवर ठेवायचा, वर समुद्राचं पाणी ओतायचं. मग तो हात शपथेने बांधला गेला, पुन्हा उठायचा नाही. बाई घरी जाते, पोलीस वाडीत येत नाहीत. होळीला केतनचा उजवा हात असाच बांधला होता. त्यानंतर तो खरोखरच उठला नव्हता.

विपुल, सलोनीचा धाकटा भाऊ, बोईसरच्या कारखान्यातून तसाच आला होता. अंगात निळा गणवेश, बोटात मोटारसायकलची किल्ली.

"ताय, ठाण्यात चल. तक्रार दे."

होळीलाही तो हेच म्हणाला होता. तेव्हा ती "थांब रे" म्हणाली होती. आताही म्हणाली.

"पोलिसाचं नाव कशाला?" नामदेवांनी तांब्या उचलला. "आज पाय बांदू. केतन, चप्पल काड."

"आणि उद्या गुडघा मारेल तो," विपुल म्हणाला.

"गुडगा पायातच आला," नामदेव म्हणाले. जमलेल्यांत कुणीतरी हसलं.

केतनने उजवा पाय पायरीवर ठेवला. पाणी घोट्यावरून ओघळलं. तो सलोनीकडे बघून हसला. "जाला तुजा खेळ? जा आता. भात टाक."

"काका," सलोनी म्हणाली, "पाणी जरा वर पण ओता. कमरेवर ओता, छातीवर ओता. आख्खा भिजवा."

बोंबलांच्या दोरीखालच्या बायका एकदम हसल्या. एक तर तोंडावर पदर घेऊन खाली बसली.

केतनचं हसू गेलं. तो पायरीवरून उतरला, दोन पावलं चालला आणि कपाळाने त्याने तिच्या नाकावर धडक दिली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती वाकली. तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरले, तर त्याने वरून पुन्हा डोकं घातलं, बोकड घालतो तसं, तिच्या बोटांवर. ती पायरीच्या कोपऱ्यावर पडली. विपुलने त्याला केसांना धरून मागे खेचलं. आणखी दोघे धावले. एकाच्या दंडाला केतन चावला आणि सोडेना.

मग सोडलं तेव्हा तो ओरडत होता, "हात बगा! हात मागेच हायत माजे! पाय पण बगा!"

हात खरंच मागे होते. बोटंही सुटली नव्हती.

सलोनीच्या नाकातून रक्त येत होतं, गळ्यावर, पोलक्यावर. तिने तोंडात बोट घालून चाचपलं आणि दाताचा तुकडा काढला. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं, मग पायरीवर ठेवला.

"डोकं फिरतं त्याचं," येसूबाई रडत म्हणाली. "पोर मनाने वाईट नाय गो."

नामदेवांच्या हातात तांब्या होता. त्यात थोडं पाणी उरलं होतं. त्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग केतनच्या डोक्याकडे. बायका आता हसत नव्हत्या. सगळ्यांना कळलं की ते काय करणार आहेत. त्यांनी तांब्या वर उचललाच.

"डोकं पुडं कर," ते हलक्या आवाजात म्हणाले.

केतनने मान वाकवली.

"राहू द्या काका," सलोनी म्हणाली. ती भिंतीला धरून उठली. बोलताना रक्त ओठांवरून उडत होतं, म्हणून तिने ते पदराने टिपलं आणि पुन्हा सुरुवात केली. "हात तुमी बांदलात. पाय बांदलात. आता डोकं बांदाल. मग दात बांदाल. मारणारा रोज माज्याच घरी जेवतो."

"बाय, घरातली गोष्ट..." येसूबाईने तिचा दंड धरला.

सलोनीने दंड सोडवून घेतला. या वेळी तिने श्वास पूर्ण घेतला. दुखलं, तरी घेतला.

"विपुल, गाडी काड. मला तक्रार द्यायची हाय. हाताची नाय, पायाची नाय. आख्ख्या केतनची."