मोडीतला दुसरा न

मोकाशी सरांनी एका जुन्या मोडी कागदाची झेरॉक्स कांचनपुढे सरकवली. "वाचा."

इतिहासाच्या पीएच.डी.ची एकच जागा होती आणि मुलाखतीसाठी बाहेर अजून अकरा जण बसले होते. सरांच्याच हाताखाली संशोधन करायचं म्हणून कांचनने दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात अर्ज केला नव्हता.

कागद ओळखीचा निघाला. एका पाटलाच्या विधवेचा हा जबाब सरांनी आपल्या पुस्तकात छापला होता आणि कांचनला तो तोंडपाठ होता. ती भराभर वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर अडखळली. पुस्तकात होतं, 'दिराला जमीन दिली.' मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, पण इथे 'जमीन'मधल्या न ला लागूनच अजून एक न होता.

पुस्तकातलीच ओळ वाचून दाखवली असती, तर कुणाला कळणार होतं?

"का थांबलात?" सरांनी विचारलं.

"सर, इथे 'जमीन न दिली' असं आहे. बाईने नकार दिलाय."

समितीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"पंचवीस वर्षं शिकवतायत हे पुस्तक!" सर कडाडले.

"हो सर. पण न दोन आहेत."

सरांनी भिंग घेतलं. बराच वेळ ते त्या ओळीवरून हललं नाही.

"अर्जात विषय काय लिहिलाय तुम्ही?"

"पेठांमधला व्यापार."

"तो खोडा. या बाईवर काम करा," वर न बघताच ते म्हणाले, "आणि पहिल्याच प्रकरणात माझी चूक लिहा. नावानिशी."