शेवटचं कडवं

अकोल्याच्या कोर्टातून पुढची तारीख घेऊन चंद्रभान बाहेर आला, तेव्हा समोरच्या हॉटेलात त्याचंच गाणं वाजत होतं. रेकॉर्डवर नाव मात्र मुंबईच्या गवयाचं. त्यासाठीच त्याने दावा लावला होता. कंपनीने उलट मनाईहुकूम आणला: निकाल लागेपर्यंत चंद्रभानने हे गाणं चारचौघांत म्हणायचं नाही.

त्यालाही तीन वर्षं झाली. पेटी वकिलाच्या फीसाठी विकली गेली. ढोलकीवाला अमरावतीच्या बँडमध्ये लागला.

तो हॉटेलात जाऊन बसला. बायको मनकर्णा समोर चहा बशीत ओतून ऐकत होती. गाणं संपलं. हॉटेलवाल्याने सुई उचलली.

"परवाच्या लग्नात पोरीयनंबी इथंच संपवलं," ती म्हणाली. "त्यायले वाटते, गाणं इतकंच हाय. कोर्ट तारखा देऊन राहिलं, अन् तुमचं नाव लोकायच्या तोंडातून जाऊन राहिलं."

गाणं रचणाऱ्याने आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं, ही रीत. रेकॉर्डची तीन मिनिटं त्याआधीच संपत. ते कडवं या गाण्यातलं नाहीच, चंद्रभानने मागून जोडलं, असं कंपनीचं म्हणणं. कोर्टाने ते कडवं अजून ऐकलंच नव्हतं.

कोपऱ्यात कंपनीच्या वकिलाचा मुन्शी नत्थुजी भजी खात होता. तो हसला.

"शाहीर, गुणगुणू नका बरं. मले लिहून द्या लागते."

चंद्रभानने कप खाली ठेवला. उभा राहिला. पहिला सूर फाटला. तो थांबला, खाकरला आणि पुन्हा वर चढला.

"चंद्रभान सांगे बाई, भर घागर आपुली,
विहिरीच्या पाण्यावर नाही कोणाची सावली."

हॉटेलातल्या कपबशा थांबल्या.

नत्थुजीने हात पुसले, खिशातून कागद काढला. "फसले तुमी शाहीर. भरल्या हॉटेलात तेच गाणं म्हटलं, हुकूम मोडला. कबूल हाय ना?"

"कबूल." चंद्रभान त्याच्यासमोर येऊन बसला. "काय म्हटलं, तेबी लिहा. कोर्टात जजसाहेबाले वाचून दाखवा लागीन. एक शब्द सुटू देऊ नका."

"सुटते कसा!" नत्थुजी ऐटीत लिहू लागला. तारीख लिहिली, हॉटेलचं नाव लिहिलं. मग कडव्याचा पहिला शब्द लिहिला, 'चंद्रभान', आणि पेन तिथंच थांबला. त्याने मान वर केली.

मनकर्णाने बशी खाली ठेवली.

"लिहा नं, भाऊ," ती म्हणाली. "थांबले कावून?"