बापाचं गासर

"एकवेळ विकून टाका, काका. पण बाईच्या हातात देऊ नका," क्रस्तो म्हणाला.

रादोये सिगरेट वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

समोरच्या भिंतीवर त्याची जन्मभराची जमवाजमव टांगलेली होती. व्हिएन्नाची लष्करी रिव्हॉल्व्हरं, बेल्जियमची, एक रशियन, एक पळत्या इटालियन अधिकाऱ्याने ओढ्यात टाकलेलं. दुर्मितोर डोंगराच्या गावागावांतून, कधी मेंढी देऊन तर कधी चार शिव्या देऊन, त्याने ती मिळवली होती. मधलं मात्र घरचंच होतं. हाताएवढं लांब, हाडाच्या मुठीचं, त्याच्या बापाचं गासर रिव्हॉल्व्हर.

माँटेनेग्रोच्या राजाने पूर्वी हुकूमच काढला होता, प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या कमरेला गासर हवं. राजा गेला, राज्य गेलं, पण डोंगरात हुकूम राहिला. ज्याच्या कमरेला गासर, तो घराचा धनी.

आणि रविवारी चर्चच्या अंगणात रादोयेने जाहीर केलं होतं की हे सगळं, घरासकट, चुलतभावाच्या मुलीला, देसान्काला द्यायचं. तिचा भाऊ क्रस्तो लहानपणापासून बेलग्रेडला. बातमी कळताच तो पोडगोरिकाच्या ब्लाझो नावाच्या संग्राहकाला गाडीत घालून आला होता. गावातल्या एकाही म्हाताऱ्याने हूं की चूं केलं नाही, याचा क्रस्तोला जास्तच राग होता.

ब्लाझोने गासर दोन्ही हातांनी उचललं. त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकले. मग त्याने गासरचा कमरपट्टा उलटसुलट केला.

"याला भोकं इतकी आत का पाडलीत?"

"बापानं बांधलं तेव्हा माझी कंबर एवढीशी होती."

"आणि या वेण्या?" गासरच्या खाली काचेच्या पेटीत दोन काळ्याभोर वेण्या होत्या.

"या घरातल्या मुलीच्या."

"वारली?"

"बापानं पुन्हा तिचं नाव घेतलं नाही."

ब्लाझोने टोपी काढून छातीवर क्रूस काढला.

"वेळेवर लग्न केलं असतंत तर एखादा मुलगा असता," क्रस्तो फणकारला. "हा तमाशा झाला नसता."

"शपथ होती."

"कुणाला दिलेली?"

"बापाला."

देसान्का कॉफी घेऊन आली. भिंतीवरचं प्रत्येक रिव्हॉल्व्हर तीच पुसायची, तीच तेल द्यायची. तिच्या हातांचा तो वास जात नसे.

"तू तरी नाही म्हण," क्रस्तो तिच्यावर घसरला. "लोक तोंडात शेण घालतील."

"तुझ्याच घालतील, दादा. उघडं तेवढंच असतं." तिने कप आपटला. "पुसायला मी चालते, सांभाळायला नाही?"

"काका, हिची जीभ बघा!"

"बघतोय. मी तेवढ्यासाठीच निवडली."

ब्लाझोने घाईने किंमत सांगितली. रादोयेने धूर सोडला. ब्लाझोने आकडा वाढवला. रादोयेने राकियाची बाटली त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "प्या, आणि या. मी मेल्यावर क्रस्तो तुम्हाला हे बाजारातल्या भंगारासारखं विकेल, म्हणून तर त्याला देत नाही."

क्रस्तो उभाच राहिला. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"मी या घराण्यातला शेवटचा पुरुष आहे. तुमच्यानंतर ते माझं. कायदा राहू द्या, रीत सांगतोय! या अख्ख्या डोंगरात एक बाप दाखवा, ज्यानं पोरीच्या कमरेला गासर बांधलं. एकच दाखवा. आत्ता गाडीत बसतो, पुन्हा तोंड दाखवत नाही."

"शब्द?"

"शब्द!"

रादोये गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने गासर उचललं, पट्टा देसान्काच्या कमरेभोवती घातला. तो पुरला नाही. "बाहेरच्या बाजूला नवं भोक पाड," तो तिला म्हणाला. मग त्याने काचेची पेटी उघडली आणि दोन्ही वेण्या क्रस्तोच्या हातात ठेवल्या.

"गाडी काढ," तो म्हणाला. "बापाला मुलगा नव्हता. त्यानं आधी या माझ्या कापल्या, मग पट्टा बांधला."