घरच्यांना कळवा

तिसऱ्या लाथेला कडी निखळली आणि दार भिंतीवर आपटलं. धाकटीचा नवरा आत आला. त्याच्या हातात गाडीचा लोखंडी पाना होता. थोरलीने फोनकडे हात नेला, तोवर त्याने तो उचलून फरशीवर फोडलासुद्धा.

"ताई, कुठे आहे ती?"

"इथे नाही."

तसं ते खोटंही नव्हतं. धाकटी वरच्या मजल्यावर होती, शेजाऱ्यांच्या बंद घरात. शेजारी मुलाकडे गेले होते आणि कुंड्यांना पाणी घालायला किल्ली थोरलीकडे ठेवून गेले होते. धाकटी आली तेव्हा तिचा एक डोळा सुजून मिटलेला होता आणि हात गळ्यात बांधलेला. पुन्हा सापडली तर जिवंत ठेवणार नाही, असं तो चारचौघांत सांगत फिरत होता. तो बोलला ते करणारा माणूस होता, हे दोघी बहिणींना पुरतं ठाऊक होतं.

पहिला तडाखा खांद्यावर बसला. थोरलीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा चुकवायला ती वाकली, तर त्याने केस धरून तिचं तोंड टेबलावर आदळलं. एक दात तुटून जिभेवर आला. माणूस मात्र मोठा रीतीभातीचा! बायकोच्या थोरल्या बहिणीला 'तुम्ही'च म्हणायचं, हे त्याने मारतानाही सोडलं नाही.

"मला हात उचलायला लावू नका, ताई. कुठे लपवलीत, तेवढं सांगा."

"खड्ड्यात जा तू," थोरली रक्त थुंकत म्हणाली. लग्नापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आज केलं आणि तिला फार बरं वाटलं.

त्याने तिला बरगड्यांत लाथा घातल्या. मग घर पालथं घातलं. कपाट आडवं केलं, पलंग उलटा केला, न्हाणीघराचं दार तोडलं. धाकटीची साधी चप्पलसुद्धा त्याला मिळाली नाही. सगळं वर होतं.

जमिनीवर पडल्या पडल्या थोरली मनाशी म्हणत होती, शोध लेका, शोध. लोकांच्या फोनमध्ये चोर कुठून शिरतात ते हुडकणं, हाच तर तिचा धंदा. धाकटीच्या फोनमध्ये तिला याचाच हेर सापडला होता. ती कुठे जाते, कुणाशी बोलते, सगळं याच्याकडे पोचत होतं. थोरलीने तो हेर हाकलला, नंबर बदलला, एकूण एक चोरवाट बुजवली. आणि त्या जागी आपण ऑफिसात बनवलेलं अ‍ॅप घातलं.

ते अ‍ॅप पूर आणि भूकंपासाठी होतं. त्यात एकच लाल बटण होतं. ते दाबलं की माणूस कुठे अडकलंय, कितव्या मजल्यावर आहे, हे पोलिसांना आणि घरच्यांना त्याच क्षणी कळायचं. तंत्र तेच, हेराचं होतं तेच. चोराचं आणि आपलं हत्यार एकच, फरक फक्त हाताचा, असं थोरली ऑफिसात ऐटीत सांगायची. मागच्या पुरात त्या बटणाने माणसं वाचली, तेव्हापासून तिची मान जरा ताठच असायची.

शेवटी तो दमला. धापा टाकत तिच्याजवळ उकिडवा बसला, तिचा चेहरा बघत राहिला.

"इथे नाही खरंच," तो म्हणाला. "माफ करा, ताई. तुमच्या मावशीकडे बघतो."

पाना काखेत मारून तो दाराकडे निघाला. थोरलीने डोळे मिटले. बरगड्या मोडल्या तर मोडल्या. पोर वाचली होती.

वर धाकटी जमिनीला कान लावून बसली होती. खालचे आवाज थांबले. ताईला याने मारून टाकलं की काय, असं तिला वाटलं. आता तिला राहवेना. ताईच्या जिवासाठी तिने लाल बटण दाबलं.

उंबऱ्यात पोचलेल्या त्याच्या खिशात फोन किंचाळला.

थोरलीला आधी काही उमगेना. मग उमगलं आणि ती मुळापासून हादरली. 'घरचे' म्हणजे नक्की कोण, असं ऑफिसच्या बैठकीत एकाने विचारलं होतं. "घरचे म्हणजे घरचे! यात काय विचारायचं?" असं म्हणून तिने त्याला हसण्यावारी नेलं होतं. बुडत्या माणसाला नावं निवडायला सवड कुठली? म्हणून सरकारी नोंदीतून घरच्यांची नावं आणि नंबर आपोआप उचलले जात. लग्न झालेल्या बाईच्या घरच्यांत पहिलं नाव कुणाचं असणार? नवऱ्याचं.

ती सरपटत पुढे झाली आणि तिने त्याचा पाय धरला. तो थांबला. त्याने फोन बाहेर काढला.

पुरातली माणसं वाचत बसत नाहीत, म्हणून हा निरोप मोठ्याने बोलला जाई, ऐकणारा उभा असेल तिथून वाट सांगत. अ‍ॅप बनवताना आवाजासाठी बाहेरचं कुणी वेळेवर मिळालं नव्हतं, म्हणून तो थोरलीनेच दिला होता. आता मार खाऊनही जे तिने तोंडातून काढलं नव्हतं, ते त्याच्या हातातून तिच्याच आवाजात, शांत आणि स्पष्ट ऐकू आलं.

"घाबरू नका. तुमच्या घरचं माणूस एक मजला वर आहे. लगेच जा."