किनाऱ्यावरचे दोघे

"वीज दिसली म्हणून बटण दाबशील, तर नुसता काळोख हाती येईल. आधी झडप उघडून ठेव आणि गप्प वाट बघ. एक पडली की लगेच मिटून घे. दुसरीचा लोभ धरू नकोस."

आफ्रिकेला जाताना मार्तंड आपला बॉक्स कॅमेरा धाकट्या बहिणीला देऊन गेला, आणि वर एवढं सांगून गेला. पद्मजानं त्यातलं सगळं पाळलं, शेवटचं तेवढं एकदा सोडून.

चौपन्न सालच्या आश्विनातली ती संध्याकाळ. देवापाशी दिवा लावून ती गच्चीवर आली. कठड्यावर पाट, पाटावर कॅमेरा. समोर वेसाव्याचा किनारा काळवंडत चाललेला. पहिली वीज खाडीपलीकडच्या मढच्या अंगाला उतरली. तिनं झडपेवरचं बोट काढायला हवं होतं. पण ढगांत अजून घुमत होतं, आणि तिचा मोह काही सुटेना. दुसरी पडली ती पहिलीहून देखणी. मग तिनं झडप मिटली.

त्याच संध्याकाळी कोळीवाड्यातला धर्मा बुडाला.

होडी त्याची आणि भिकाजीची दोघांत मिळून होती. वारा उठला तसा धर्मा होडी वर ओढायला निघाला आणि जाताजाता त्यानं भिकाजीच्या दारात हाक मारली. ती हाक साऱ्या आळीनं ऐकली. भिकाजी तापानं फणफणला होता. हाक आली का, आपण उठलो का, त्याला काहीच आठवत नव्हतं. पण लोकांना ताप दिसला नाही, बंद दार दिसलं. तिसऱ्या दिवशी धर्मा मढच्या बाजूला सापडला. तेव्हापासून भिकाजीच्या होडीत कोणी पाय ठेवीना, त्याच्या घरचं पाणी कोणी पिईना. त्यानं अन्न टाकलं. धास्तावलेल्या बायकोनं घरातले दोर गोळा करून माहेरी नेऊन ठेवले.

हे सारं पद्मजाला सांगितलं धर्माच्या आईनं, सोनूबाईनं. पद्मजा चातुर्मासात मासळी घेत नसे, तरी सोनूबाई टोपली उतरवून तिच्या पायरीवर पाणी प्यायला बसायचीच. पूर्वी ती चिडवायची, उपास तुझ्या देवाचा आणि उपाशी मरते माझी मासळी. आता ती टोपलीकडे बघत एकच विचारायची, पोर एकटाच होता का गो?

फोटो धुऊन आला तेव्हा पद्मजाची नजर विजांवर ठरलीच नाही. खाली होडीपाशी दोन पाठमोरी माणसं होती. एक दोर खेचताना, दुसरा चार पावलांवर वाकलेला. सोनूबाईकडे लेकाचा एकही फोटो नव्हता, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तो सोनूबाईच्या हातात दिला.

सोनूबाई पुष्कळ वेळ बघत राहिली. मग ओला हात पदराला पुसून तिनं बोट टेकवलं.

"ह्यो माजा धर्मा." बोट पुढं सरकलं. थांबलं. "आनि ह्यो भिकाजी."

त्याच दुपारी तो फोटो घरोघर फिरला. भिकाजी तापातसुद्धा उठून गेला होता, त्यानं दोर धरला होता, ग्लानीत त्याचं त्यालाच आठवत नाही, असं सोनूबाई दारोदार सांगत सुटली. भिकाजी म्हणे फोटो छातीशी धरून रडला आणि रात्री त्यानं आपणहून पेज मागितली. पद्मजानं देवाला हात जोडले. त्यानंच आपल्याला दुसऱ्या विजेसाठी थांबवलं, असं तिला वाटलं.

मार्तंडला धाडायची प्रत आठवड्यानं आली. पाकिटात घालण्याआधी तिनं सहज भिंग लावलं. दोन्ही माणसं फिकट होती, पाण्यात कालवलेल्या शाईसारखी. दोघांच्याही अंगातून मागची होडी दिसत होती.

झडप दोन विजांपर्यंत उघडी होती. मधल्या काळोखात माणूस चार पावलं चालला होता, आणि प्रत्येक विजेनं त्याला एकेकदा टिपलं होतं. किनाऱ्यावर दोघे नव्हतेच. धर्माच होता, दोनदा.

तिचा नवरा श्यामसुंदर म्हणाला, गप्प राहा, लेक एकटा गेला नाही एवढ्याच आधारावर ती माउली उभी आहे. त्याचं म्हणणं तिला कळत होतं. पण चार महिने असत्य बोलायचं नाही, हा तिचा नेम होता, आणि गप्प राहणंही तिला असत्यच वाटू लागलं. जप करताना माळ हातात थांबून राहायची. लेकाच्या मरणाबद्दल आईलाच आपण खोटं देऊन बसलो. ते दुरुस्त करायचं, तर तिच्या हातातलं होतं नव्हतं तेही काढून घ्यायचं.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या सकाळी ती कोळीवाड्यात गेली.

सोनूबाई ओट्यावर नारळ सोलत होती. भिकाजीची होडी आज पुन्हा पाण्यात उतरणार होती. तिघेजण त्याच्याबरोबर जायला तयार झाले होते. होडीपुढचा नारळ मीच फोडीन, असा शब्द सोनूबाईनं भिकाजीला साऱ्यांसमक्ष दिला होता.

पद्मजा तिच्याशेजारी टेकली आणि एकेक करून सगळं सांगितलं. उघडी झडप, दोन विजा, मधली चार पावलं. सोनूबाईचे हात थांबले नाहीत.

"माझी चूक झाली, सोनूबाई," पद्मजा म्हणाली. "तो दुसराही धर्माच आहे. त्याच्याजवळ कोणी नव्हतं."

सोनूबाईनं नारळाची शेंडी हातानं नीट केली आणि ती उठली. आळीत दोन्ही बाजूंना तिनं एकदा पाहून घेतलं.

"हलू बोल, बाय," ती म्हणाली. "माज्या पोराची पाठ मला वलखता येत नाय? तुज्या पायरीवरच कललं मला."

आणि नारळ पदराखाली घेऊन ती भिकाजीच्या होडीकडे चालू लागली.